बरोबरीसाठी सगळी मोहरी मारली, तरी डाव का गेला?

सेलूच्या एका पालकांनी मुलीचा बुद्धिबळाचा डाव पाठवला आहे. मुलगी तेरा वर्षांची, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग 1540. छत्रपती संभाजीनगरच्या एका खुल्या रेटिंग स्पर्धेत पहिल्याच फेरीत तिची जोडी 1962 रेटिंगच्या प्रौढ खेळाडूशी लागली. तिच्याकडे पांढरी मोहरी होती आणि 46 चालींत ती हरली. वडील लिहितात, "बरोबरी साधावी म्हणून तिनं मुद्दाम सोपं ओपनिंग घेतलं, जमेल तेवढी मोहरी मारून डाव हलका केला. समोरच्यानं काही विशेष केलं नाही, तरी हरली. चुकलं कुठं? मोठ्या खेळाडूशी खेळताना बरोबरीसाठीच खेळावं ना? आणि यापुढे खुल्या स्पर्धा सोडून फक्त 1600 च्या खालच्या गटातल्या स्पर्धा खेळवाव्यात का?"

स्कोअरशीट नीट लिहिलेलं आहे, चालींसोबत वेळही टिपला आहे. त्याबद्दल त्या लेकराचं आधी कौतुक, कारण वेळ लिहिलेला नसता तर निम्मं उत्तर देता आलं नसतं.

आधी डाव पाहू. घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, 0-0 म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग, × म्हणजे मारणं, + म्हणजे शह. ई4 सारख्या घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ. मोहऱ्याचं अक्षर नसेल तर चाल प्याद्याची. घोबी म्हणजे बी पट्टीवरचा घोडा, हएफ म्हणजे एफ पट्टीवरचा हत्ती. वाचण्यापेक्षा पट मांडून बसलात तर बरं.

1. ई4 ई6 2. डी4 डी5 3. ई×डी5 ई×डी5 4. घो-एफ3 घो-एफ6 5. उं-डी3 उं-डी6 6. 0-0 0-0 7. उं-जी5 उं-जी4 8. घोबी-डी2 घोबी-डी7 9. सी3 सी6 10. व-सी2 व-सी7 11. हएफ-ई1 हएफ-ई8

हे फ्रेंच बचावातलं (ई4 ला ई6 हे उत्तर) एक्स्चेंज व्हेरिएशन, म्हणजे तिसऱ्या चालीलाच मधली प्यादी बदलून टाकायची. पट आरशात पाहिल्यासारखा आहे. पांढऱ्याचं जे मोहरं जिथं, काळ्याचं तेच मोहरं समोर तिथंच. इथवर काहीही बिघडलेलं नाही. तिनं दहाव्या चालीवर बरोबरीचा प्रस्ताव दिला, बाराव्यावर पुन्हा दिला. दोन्ही वेळा समोरच्यानं मान हलवून नकार दिला असं तुम्ही लिहिलंय.

12. ह×ई8+ ह×ई8 13. ह-ई1 ह×ई1+ 14. घो×ई1

आणि इथं काळ्यानं 14... उं×एच2+ खेळून फुकट प्यादं घेतलं.

तुम्ही म्हणता समोरच्यानं काही विशेष केलं नाही. त्याचा उंट डी6 वर आणि वजीर सी7 वर, म्हणजे दोघंही एकाच तिरप्या रेषेत एच2 च्या प्याद्याकडे दहाव्या चालीपासून बघत होते. ते प्यादं दोघांनी राखलेलं होतं, राजानं आणि एफ3 च्या घोड्यानं. तेराव्या चालीत तिनं हत्ती ई1 वर आणला. काळ्यानं तो शह देऊन मारला. आता ई1 वर परत मारू शकणारं एकच मोहरं तिच्याकडे होतं, तेही एफ3 चा घोडा. मध्ये दुसरं मोहरं घालून शह अडवला तर अख्खा हत्ती जातो, म्हणून दुसरा पर्यायच नाही. घोडा एफ3 सोडून ई1 वर गेला, एच2 चा एक राखणदार कमी झाला, प्यादं गेलं. उंटाला अडकवायचीही सोय नाही, कारण राजा बाजूला झाला की तो आरामात मागे येतो.

म्हणजे ज्या चालीला ती "शेवटचे हत्तीही मारून टाकू, मग बरोबरीच" असं समजत होती, तीच डावातली मोठी चूक होती. 13. एच3 एवढं खेळली असती तर प्रश्नच नव्हता. जी4 चा उंट हुसकला जातो, एच2 वर मारायला प्यादंच उरत नाही, डाव समान राहतो.

मला या डावातून एकच गोष्ट सांगायची आहे. कमी रेटिंगची मुलं मोठ्या खेळाडूपुढे जी मारामारी करतात ती बरोबरीची वाटते: हत्तीला हत्ती, घोड्याला घोडा, गुण सारखे, म्हणजे हिशेब चुकता. पण प्रत्येक बदलाबदलीत परत मारणारं मोहरं आपलं घर सोडून दुसरीकडे जातं. ते आधी जे राखत होतं ते उघडं पडतं. बलवान खेळाडू गुण मोजत नाही, तो हे बघतो की या मारामारीनंतर कोणाचं मोहरं चांगल्या जागी उभं राहिलं आणि कोणाचं वाईट जागी. 1962 आणि 1540 मधला फरक बहुतेक वेळा झगमगीत बलिदानांत नसतो, तो असल्या साध्या जागी असतो.

बाराव्या चालीकडे परत या. ई पट्टीवर दोन्ही हत्ती समोरासमोर होते. तिनं आधी मारलं, त्यामुळे काळ्याचा ए8 वरचा हत्ती आपोआप ई8 वर आला आणि उघडी पट्टी काळ्याच्या ताब्यात गेली. त्याऐवजी 12. एच3 खेळून वाट पाहिली असती तर? समजा काळ्यानं 12... ह×ई1+ मारलं, तर 13. ह×ई1, आता ए1 चा निवांत बसलेला हत्ती उघड्या पट्टीवर आला, एफ3 चा घोडा जागचा हलला नाही आणि जी4 चा उंट अजून मारात आहे. समजा काळ्यानं 12... उं×एफ3 केलं, तर 13. घो×एफ3 आणि मोकळ्या पटावर दोन उंट पांढऱ्याकडे. मोहरी तीच, पट्टीही तीच. ताण सोडायची घाई कोणी केली, एवढ्यावर फायदा इकडून तिकडे गेला. तिला सांगा, मोहरं मारता येतं म्हणून मारायचं नाही. मारण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: समोरच्याचं कुठलं मोहरं परत मारायला येईल आणि ते आत्ताच्यापेक्षा चांगल्या घरात येतंय का, आणि उलट त्यानं मारलं तर माझं कोणतं मोहरं जागा सोडेल.

आता तिनं लिहिलेल्या वेळेकडे. स्पर्धा 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद वाढ अशी होती. तेराव्या चालीनंतर तिच्या घड्याळात 90 मिनिटांहून जास्त वेळ दिसतोय. म्हणजे तिनं सरासरी 30 सेकंदांपेक्षाही कमी वेळात चाली केल्या. समोरच्यानं मात्र बाराव्या चालीवर, जिथं दोनच प्रकारे परत मारता येत होतं, घोड्यानं किंवा हत्तीनं, तिथं सहा मिनिटं घेतली. त्यानं काय तपासलं असेल ते आता तुम्हाला कळेल. हत्तीनं मारलं तर पुढं काय, ते तो बघत होता. पट सोपा दिसतो म्हणून मुलं भरभर खेळतात, आणि बलवान माणूस नेमका तिथंच थांबतो.

बरोबरीच्या प्रस्तावांबद्दल थोडक्यात. नियमानुसार प्रस्ताव आपली चाल पटावर केल्यानंतर आणि घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. दहा-बारा चालींत दोनदा विचारणं टाळावं. वारंवार विचारलं तर समोरच्याला त्रास दिला असं धरून पंच समज देऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या प्रस्तावातच तिनं त्याला सांगून टाकलं की मला भीती वाटतेय. मग त्याला जोखीम घ्यायची गरजच उरली नाही. शांत बसायचं आणि तिच्या घाईची वाट पाहायची, एवढंच त्यानं केलं.

प्यादं गेल्यावरही डाव संपला नव्हता, आणि इथं मला जास्त हळहळ वाटली. पुढं उंटांच्या दोन्ही जोड्या गेल्या, वजीर गेले, घोड्यांची एक जोडी गेली. तिसाव्या चालीला दोघांकडे एकेक घोडा, पांढऱ्याची सहा प्यादी, काळ्याची सात. एकतिसाव्या चालीला तिनं उरलेला घोडाही स्वतःहून बदलला. इथं डाव खऱ्या अर्थानं गेला.

एक प्यादं पिछाडीवर असाल तर प्यादी मारा, मोहरी ठेवा. पुढे असाल तर उलट. याचं कारण साधं आहे. एकट्या घोड्यानं मात होत नाही. त्यामुळे प्यादी कमी होत होत समोरच्याकडे शेवटचं एक प्यादं राहिलं आणि आपला घोडा त्या प्याद्यावर देता आला, तर त्याच्याकडे राजा आणि घोडा उरतो, आणि डाव बरोबरीत सुटतो. घोडा पटावर असेपर्यंत ही पळवाट शिल्लक असते. नुसत्या राजा-प्याद्यांच्या डावात द्यायला काही उरतच नाही, आणि तिथं एक जास्तीचं प्यादं बहुतेक वेळा जिंकून देतं. तिच्या डावात तेच झालं. काळ्यानं एच पट्टीवरचं प्यादं पुढं काढलं, ते अडवायला पांढरा राजा पटाच्या कडेला गेला, आणि तेवढ्यात काळा राजा मध्यातून शिरून डी4 आणि सी3 ची प्यादी खाऊन गेला. 46व्या चालीला तिनं डाव सोडला, तो योग्यच सोडला.

राजा-प्याद्यांच्या डावात एक ठरलेली स्थिती आहे, ती तिला झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजे. पांढरा राजा ई4, पांढरं प्यादं ई3, काळा राजा ई6. पटावर बाकी काही नाही. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी. राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याला हलावं लागतं त्याचं नुकसान. आता प्यादं ई3 ऐवजी ई2 वर ठेवा. चाल पांढऱ्याची असली तरी तो जिंकतो, कारण ई3 ही एक चाल त्याच्या खिशात शिल्लक आहे. ती खेळली की हलायची पाळी काळ्यावर येते. शिल्लक चालीचं हे महत्त्व कळलं की प्यादी उगाच पुढं ढकलायची सवय आपोआप सुटते. त्यानंतर हत्तींच्या डावातला फिलिडोरचा बचाव शिकवा. समोरच्याचं प्यादं वर येईपर्यंत आपला हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीवर धरायचा, म्हणजे त्याचा राजा पुढं येत नाही. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार मागे नेऊन मागून शह देत राहायचे. मोठ्या खेळाडूंकडून बरोबरी खरी मिळते ती असल्या ज्ञानातून. बाराव्या चालीच्या मारामारीतून नाही.

दुसरा प्रश्न, बरोबरीसाठी खेळावं का. जगात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण याच ओपनिंगचं आहे. 1990 साली मनिला इथं इंटरझोनल स्पर्धा झाली, जगज्जेतेपदाच्या उमेदवारांच्या फेरीत जाण्यासाठीची. शेवटच्या फेरीत मिखाईल गुरेविचला नायजेल शॉर्टविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी फक्त बरोबरी हवी होती. त्यानं फ्रेंच बचावात तिसऱ्या चालीला ई×डी5 मारून हेच सममित व्हेरिएशन घेतलं आणि हरला. गुरेविच त्या काळी जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी होता, त्याला बचाव शिकवायची गरज नव्हती. पण ज्याला फक्त बरोबरी हवी असते तो प्रत्येक वळणावर सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी चाल निवडतो, आणि तशा सात-आठ चाली जमल्या की स्थिती हळूहळू दबते. शॉर्ट पुढे 1993 मध्ये कास्पारोव्हसमोर जगज्जेतेपदासाठी बसला.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या विदर्भातलं. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. वाटेत तिनं दुसऱ्या मानांकित झू जिनेरला हरवलं, आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला रॅपिड टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या जलद डावांत) हरवून विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब दोन्ही मिळवले. वर मानांकन असलेल्या खेळाडूंसमोर ती आपला नेहमीचाच, लढाऊ खेळ खेळली. तुमच्या मुलीनं तिचे डाव जरूर लावून पाहावेत.

रेटिंगचा हिशेबही तिच्याच बाजूनं आहे, आणि तो पालकांना माहीत असायला हवा. फिडेच्या गणितात तिच्यासारख्या रेटिंगला 400 पेक्षा जास्त फरक 400 इतकाच धरतात. जिंकल्यास 1 आणि बरोबरीला अर्धा गुण धरून, 400 च्या फरकाला कमी रेटिंगवाल्याकडून अपेक्षित गुण 0.08. अठरा वर्षांखालच्या, 2300 पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूचा के-गुणक (मिळालेल्या आणि अपेक्षित गुणांतला फरक ज्या आकड्यानं गुणतात तो) 40. म्हणजे हा डाव हरल्यानं तिचे 40 गुणिले 0.08, फक्त 3.2 गुण गेले. बरोबरी झाली असती तर 16.8 मिळाले असते, जिंकली असती तर 36.8. तिच्यासमोरच्या प्रौढ खेळाडूचा के-गुणक 20. जिंकून त्याला मिळाले 1.6, बरोबरीत त्याचे 8.4 गेले असते, हरला असता तर 18.4. आता सांगा, त्या पटावर दडपण कोणावर असायला हवं होतं? तो माणूस डावाला बसला तेव्हा त्याच्याकडे मिळवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. तिनं समान स्थिती धरून ठेवली असती तर पंचविसाव्या चालीच्या सुमारास त्यालाच जिंकण्यासाठी काहीतरी ओढूनताणून करावं लागलं असतं, आणि कमी रेटिंगच्या खेळाडूला संधी तिथं मिळते. मोहरी पटावर भरपूर असतील तरच.

म्हणून फ्रेंचविरुद्ध तिला 3. ई5 शिकवा, पुढं सी3 करून डी4 चं प्यादं पक्कं धरायचं. काळा सी5, घो-सी6, व-बी6 करून डी4 वर चढेल, पांढऱ्यानं ते राखायचं आणि राजाच्या बाजूला मिळालेल्या जागेत खेळायचं. योजना स्पष्ट, मोहरी बहुतेक सगळी पटावर. किंवा ई×डी5 च खेळायचं असेल तर लगेच सी4 ढकलून सममिती मोडावी. यातली कोणती आवडते ते तिला ठरवू द्या.

तिसरा प्रश्न, खुल्या स्पर्धा सोडाव्यात का. नका सोडू. पहिल्या फेरीतली असमान जोडी हे तिचं दुर्दैव नाही, स्विस पद्धत अशीच चालते. रेटिंगनुसार यादी लावतात, ती मधोमध तोडतात, आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी खेळतो. 120 खेळाडू असले तर एक नंबरची जोडी 61 शी, आणि 85 नंबरच्या मुलीची 25 नंबरशी. पुढच्या फेऱ्यांत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात आणि चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत ती तिच्या बरोबरीच्यांत पोचते. म्हणजे सगळी स्पर्धा काही 1962 वाल्यांशी खेळायची नसते. 1600 च्या खालच्या स्पर्धाही खेळवा, तिथं जिंकायची सवय लागते आणि आघाडी घेतल्यावर डाव संपवायला शिकता येतं. पण आपल्याकडे सेलू, मानवत, जिंतूर, वसमतसारख्या गावांत 1900 च्या वरचा खेळाडू रोजच्या सरावाला मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना तो क्लबात आठवड्याला मिळतो. आपल्या लेकरांना तो मिळतो खुल्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, समोर तीन-चार तास बसलेला, तेही पूर्ण लक्ष देऊन खेळणारा. प्रवेश फीचा तो सगळ्यात मोलाचा भाग आहे.

त्याचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर दोन-तीन गोष्टी कराच. पहाटेच्या गाडीनं निघून थेट पहिल्या फेरीला बसवू नका, शक्य असेल तर आदल्या रात्री पोचा. जोड्या लागल्या की "बापरे, एकोणीसशे बासष्ट!" असं तिच्यासमोर म्हणू नका, आकडा तिलाही दिसतोच. आणि डाव संपला की तिला समोरच्या खेळाडूला नम्रपणे विचारायला सांगा, "काका, पाच मिनिटं डाव बघू या का?" बहुतेक जण आनंदानं बसतात, खेळण्याच्या हॉलबाहेर पट मांडतात. विचारायचं एवढंच की कुठल्या चालीला तुम्हाला वाटलं की आता मी जिंकणार. त्यानं तेरावी चाल सांगितली असती.

घरी आल्यावर संगणकाचं इंजिन लगेच लावू नका. ते तेराव्या चालीवर एका प्याद्याचा तोटा दाखवेल आणि पुढं सरकेल, का ते सांगणार नाही. आधी तिनं स्वतः वहीत या डावातली प्रत्येक बदलाबदल उतरवून काढावी: कोणी आधी मारलं, परत कोणत्या मोहऱ्यानं मारलं, ते मोहरं आधी काय राखत होतं, नंतर काय राखतंय. हा डाव झाला की तिचे मागचे चार-पाच हरलेले डाव याच पद्धतीनं तपासा. त्यातला जो डाव तिला सगळ्यात अवघड वाटेल तो वेळेच्या नोंदींसकट मला पाठवा, त्यावर स्वतंत्र लिहितो.